सुई ज्याची त्याची, बाटली सगळ्यांची

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसायचो, हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार नेमका कसा असतो, यात माणूस किती दिवस जगतो, नोकरी लागते का, लग्न करता येतं का. मराठीत जे सापडायचं ते एकतर शाळेच्या पुस्तकासारखं नाहीतर काढे विकणाऱ्यांचं. मैदानावर पळणाऱ्या, भरतीची तयारी करणाऱ्या आणि त्यासाठी इंजेक्शन टोचून घेणाऱ्या पोट्ट्याने स्वतः लिहिलेलं काहीच नव्हतं. आता माझं सगळं पार पडलंय म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय. मित्रांची टोपणनावं बदलली आहेत, हॉस्पिटलचं आणि ब्लड बँकेचं नाव लिहीत नाही.

सुरुवात २०२३ च्या शेवटी झाली. आम्ही सहा जण नागपुरात दिघोरीकडच्या एका मोकळ्या मैदानावर सकाळी पाच वाजता पळायला जायचो. पोलीस भरतीत १६०० मीटरला २० मार्क असतात, त्यात काही सेकंद इकडेतिकडे झाले की मार्क जातात, त्यामुळे डोक्यात दिवसरात्र तेच. जिममधल्या एकाने बाटली आणून दिली, म्हणाला स्टॅमिना वाढतो, सगळेच घेतात. ते मेफेंटरमाईन होतं. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी खाली गेलं तर ते वर आणायला डॉक्टर हे वापरतात, हे मला दीड वर्षाने कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की टोचलं की छाती धडधडते, झोप उडते आणि थकवा जाणवत नाही. थकवा जाणवत नाही म्हणजे तो नसतो असं नाही, पण वीस वर्षाच्या वयात हे कोण समजावून घेतं.

जून २०२४ मध्ये ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी चाचणी झाली, माझे मार्क कमी पडले. आमच्यातल्या पैलवानचे पण, छोटूचे पण. तोवर पळण्याशी त्या इंजेक्शनचा संबंधच राहिला नव्हता. नाही घेतलं तर सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. आधी दंडात घ्यायचो, मग शिरेत घ्यायला लागलो. आणि एवढं सगळं होऊनही आम्ही स्वतःला नशा करणारे समजत नव्हतो, नशा म्हणजे पुलाखाली बसणारे, आम्ही तर दूध-अंडी खाणारी पोरं.

१४ एप्रिल २०२५ ला आमच्या वस्तीत जयंतीनिमित्त रक्तदान शिबिर होतं. मी दरवर्षी रक्त द्यायचो. फॉर्मवर एक प्रश्न असतो, कधी नशेची इंजेक्शनं घेतली आहेत का, मी 'नाही' वर टिक केली. विचार करून खोटं बोललो असंही नाही, हात आपोआप गेला. पण पुढे आठ महिने मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. पिशवी तपासली जाते आणि बाद होते ते खरं, पण लागण अगदी ताजी असली तर तपासणीत ती सापडायची राहू शकते, म्हणून तो प्रश्न असतो. तुम्ही कधीही टोचलं असेल, कितीही थोडं, कितीही जुनं, तर रक्त देऊ नका, पाणी वाटायला उभे राहा, खुर्च्या लावा.

२२ एप्रिलला फोन आला. बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्हाला एकदा पुन्हा यावं लागेल, फोनवर सांगता येणार नाही, घाबरू नका. आता एवढं ऐकल्यावर कोण घाबरत नाही? दोन दिवस मी जेवलोच नाही. २४ ला गेलो तर डॉक्टरांनी दार लावून बसवलं आणि सांगितलं की हिपॅटायटिस सी ची तपासणी रिॲक्टिव्ह आली आहे. रिॲक्टिव्ह म्हणजे आजार पक्का असं नाही, म्हणाले, या तपासणीत शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी दिसतात, विषाणू आत्ता रक्तात आहे की नाही आणि किती, ते व्हायरल लोड नावाच्या दुसऱ्या तपासणीत कळतं. काही जणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपला आपण निघूनही जातो, साधारण दहातल्या तिघांच्या. मग चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले सरकारी हॉस्पिटलमध्ये जा, उपचार फुकट आहे. मी फुकट हा शब्द ऐकला आणि विश्वास ठेवला नाही.

पण खरंच आहे. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम म्हणून २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा कार्यक्रम चालू आहे, त्यात हिपॅटायटिस सी ची तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत मिळतात. बाहेर याच गोळ्यांना काही हजार रुपये लागतात.

२८ एप्रिलला सोमवारी गेलो. नागपूरचं एप्रिल माहितीच आहे, साडेआठलाच डोकं तापलं होतं, केसपेपरच्या लाईनीत पाऊण तास गेला. केसपेपरचे २० रुपये, सुटे न्या. आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स न्या, मी नेल्या नव्हत्या, त्यासाठी परत बाहेर यावं लागलं आणि नंबर गेला. मेडिसिनच्या ओपीडीत डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली आणि आधी एचआयव्हीची तपासणी करून या म्हणाले. ती खोली शोधायला अर्धा तास लागला कारण मी कोणाला विचारतच नव्हतो. एचआयव्हीची खोली कुठे आहे हे मोठ्याने कोण विचारणार. तर पाटीवर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' लिहिलेलं असतं, आयसीटीसी म्हणतात, तिथल्या शिपाई मामाला नुसतं "आयसीटीसी कुठे आहे भाऊ" विचारलं की तो हात दाखवतो, काही बघत-बिघत नाही.

त्या खोलीतल्या कौन्सिलर ताईंबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण त्या दिवशी त्यांनी मला रागावलं असतं तर मी परत गेलोच नसतो.

त्यांनी विचारलं, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं? मी म्हटलं, तीन आठवडे झाले. त्या लिहायला लागल्या. मग म्हणाल्या, "हे मी पोलिसाला द्यायला नाही विचारत आहे. तारखेवरून ठरतं की आजच्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा." मी म्हटलं, पाच दिवस. त्यांनी आधीचं खोडलं आणि पाच लिहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही. मग सांगितलं की एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि रिपोर्ट असा कोणालाही सांगता येत नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे तसा. त्याच कायद्यात असंही आहे की लागण टळावी म्हणून कोणी स्वच्छ सुया देत असेल तर तो गुन्हा धरायचा नाही. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं सुई मागितली की आत टाकतात.

मी म्हटलं, मॅडम, पण आम्ही सुई शेअर करत नव्हतो. हे मी अगदी ठासून सांगितलं, कारण ते खरं होतं आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. सहा जणांच्या सहा सिरिंज, ज्याची त्याने खिशात ठेवायची.

त्यांनी विचारलं, आणि बाटली?

बाटली एकच होती. दहा मिलीची, वर रबराचं बूच असलेली. वर्गणी काढून एक आणायचो, ती दोन-तीन दिवस चालायची.

ताईंनी एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागे बाटली काढली, तिच्यात शिरलेल्या सहा रेघा काढल्या. म्हणाल्या, पहिल्याने नव्या सुईने काढलं आणि टोचलं, इथपर्यंत ठीक. दहा मिनिटांनी त्याला अजून थोडं हवं वाटलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तीच सुई परत बुचातून आत. त्या सुईच्या मुळाशी त्याचं रक्त आहे, दिसत नाही एवढं. ते बाटलीत उतरलं. आता उरलेले पाच जण अगदी कोरी सुई घेऊन आले तरी काढणार त्याच बाटलीतून. मी त्या चित्राकडे बघत राहिलो. आमच्या सिरिंज तर चार-चार, पाच-पाच वेळा वापरलेल्या असायच्या, टोक बोथट होईपर्यंत, कारण मेडिकल दुकानात रोज गेलं की दुकानदार वर बघतो. पाच-सात रुपयांची सिरिंज, पैशांचा प्रश्न नव्हताच, त्या बघण्याचा होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दाला शब्द आठवतं. "बंद करा असं मी सांगणारच आहे, आणि त्यासाठी मदत पण करीन. पण आज रात्री घेतलंच तर काय करायचं ते आधी ऐकून घ्या." आजवर घरात, शाळेत, पोस्टरवर कोणी असं बोललं नव्हतं.

तर ते असं. दर वेळी कोरी सुई, कोरी सिरिंज, एकदा वापरली की ती संपली. सुया मेडिकलमध्ये मिळतात, मागायला लाजायचं नाही. बाटली कोणाबरोबर वाटून घ्यायची नाही, आणि स्वतःची असली तरी वापरलेली सुई परत तिच्यात घालायची नाही. पाणी, कापसाचा बोळा, चमचा, जे जे रक्ताजवळ जातं ते सगळं ज्याचं त्याचं वेगळं, कारण हिपॅटायटिस सी चा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. गरम पाण्याने सिरिंज धुतली की झालं हा आमचा समज त्यांनी खोडून काढला. नंतर मी वाचलं की प्रयोगशाळेत ठेवलेल्या वापरलेल्या सिरिंजमध्ये हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. टोचायच्या आधी हात साबणाने धुवायचे, जागा स्पिरिटने पुसायची, रोज एकाच शिरेवर घ्यायचं नाही. जागा लाल झाली, गरम लागली, सुजली, ताप आला तर दाबून पू काढायचा नाही, डॉक्टरकडे जायचं. छातीत दुखलं, धडधड थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सरळ कॅज्युअल्टी म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठायचा, आणि काय टोचलंय ते खरं सांगायचं, कारण त्यावर औषध ठरतं. दुसऱ्याची सुई चुकून टोचली तर ७२ तासांच्या आत हॉस्पिटल गाठायचं, एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या मिळतात, जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं. हिपॅटायटिस सी साठी मात्र अशी गोळीही नाही आणि लसही नाही.

वापरलेल्या सुयांचं काय करता, हे पण विचारलं. आम्ही त्या मैदानाच्या कडेला झुडपात फेकायचो, नाहीतर घरच्या कचऱ्यात. आमच्या गल्लीत कचरागाडीबरोबर येणाऱ्या काकू हाताने ओला-सुका कचरा वेगळा करतात, माझी आई त्यांना उन्हाळ्यात ताक देते. मला तिथे बसल्या बसल्या त्यांचे हात दिसले. त्या संध्याकाळी मी मैदानावर गेलो, जाड हातमोजे आणि चिमटा नेला होता, १७ सुया सापडल्या. जाड प्लास्टिकच्या डब्यात भरल्या, झाकण चिकटपट्टीने बंद केलं आणि पुढच्या खेपेला ताईंना नेऊन दिला, त्यांनी सुयांच्या डब्यात टाकायची सोय केली. वापरल्यावर टोपण परत लावायला जाऊ नका, त्यातच बोटाला टोचते.

एचआयव्ही त्या दिवशी निगेटिव्ह आली, पण शेवटचं इंजेक्शन ताजं असल्याने तीन महिन्यांनी परत करायला सांगितली. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, त्याची लस असते, तीन डोस, पहिला त्याच आठवड्यात घेतला. सी मात्र तिथेही पॉझिटिव्ह.

व्हायरल लोडचं सॅम्पल ठराविक वारीच घेतात. १ मे ची सुट्टी मध्ये आली, त्यामुळे ५ मे ला रक्त दिलं. रिपोर्ट दोन आठवड्यांनी, १९ मे ला. तिथे एक गोष्ट घडली ती लिहितो. काउंटरवरच्या माणसाने सगळ्या लाईनीसमोर ओरडून विचारलं, "हिपॅटायटिस सी वाला कोण आहे?" माझ्या मागे आमच्या वस्तीतल्या एक बाई उभ्या होत्या. मी पुढे गेलोच नाही, तसाच बाहेर आलो, गाडीवर बसलो आणि घरी गेलो. तीन दिवस मी ठरवून टाकलं होतं की आता काही करायचं नाही, जे व्हायचं ते होऊ दे. २२ ला ताईंचाच फोन आला, रिपोर्ट का नेला नाही म्हणून. त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, या तुम्ही, मी काढून ठेवते. आणि त्या काउंटरवाल्याशी त्या बोलल्या पण असाव्यात, कारण पुढच्या वेळी त्याने नंबरने हाक मारली. असं तुमच्याबरोबर झालं तर घरी जाऊ नका, कौन्सिलरकडे जा.

विषाणू सापडला होता. ८ लाखांच्या वर आकडा. मला वाटलं झालं, संपलो. डॉक्टर म्हणाले या आकड्यावरून लिव्हर किती खराब आहे ते ठरत नाही, उपचारही बदलत नाही. लिव्हर बघायला वेगळ्या तपासण्या, एलएफटी (लिव्हरच्या कामाची रक्ततपासणी), सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सोनोग्राफी, आणि रक्तातल्या आकड्यांवरून आणि वयावरून ते एक गणित करतात, लिव्हर कडक झालंय का याचं. सोनोग्राफीची तारीख तिथे १८ दिवसांनंतरची मिळत होती, मी थांबलो नाही, बाहेरून ११०० रुपयांत केली. थांबलो असतो तरी चाललं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले, पण तेव्हा एकेक रात्र काढणं कठीण होतं. लिव्हर ठीक होतं.

या सगळ्या काळात मी घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण माझं ताट, ग्लास, चमचा वेगळा काढला होता. जेवण झालं की मीच घासून ठेवायचो. आठ दिवसांनी आईने विचारलं, "काहून रे, वेगळं ताट घेऊन राहिला? कोणाचा राग आला का?" मी काहीतरी सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम माझ्या ताटातली पोळी उचलून खाल्ली आणि मी ओरडलो तिच्यावर. मग सांगावं लागलं. ती रडली नाही, गॅस बंद केला आणि विचारलं, "खाण्यातून होते का?" नाही होत. एका ताटात जेवल्याने होत नाही, मिठी मारल्याने नाही, एका बाथरूमने नाही. रेझर, ब्रश, नेलकटर वेगळं ठेवायचं, जखम झाकायची, बस. हे मला कौन्सिलरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कागदावर लिहून पण दिलं होतं, तरी मी ताट वेगळं करून बसलो होतो. आईने माझं ताट इतर ताटांत मिसळून टाकलं. बाबांना तिनेच सांगितलं, ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण दर खेपेला गाडीत पेट्रोल भरून ठेवायचे.

मित्रांना सांगणं त्याहून कठीण गेलं. तर्री-पोह्याच्या गाडीवर बोलावलं सगळ्यांना, आणि ताईंचं ते बाटलीचं चित्र खिशात घेऊन गेलो. पैलवान म्हणाला, "तू दुसरीकडून कुठून आणलं असशील बे, आमच्यावर नको टाकू." दुसरा उठून निघूनच गेला. ताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की कोणाकडून कोणाला झालं ते शोधायला जाऊ नका, सापडत नाही आणि मैत्री मात्र तुटते, फक्त तपासणी करा एवढंच म्हणा. मी चित्र टेबलावर ठेवलं आणि तेवढंच म्हटलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौघे गेले. एक पूर्ण निगेटिव्ह. तिघांची अँटिबॉडी पॉझिटिव्ह, त्यातल्या एकाच्या व्हायरल लोडमध्ये काहीच सापडलं नाही, त्याच्या शरीराने आपोआप काढून टाकला होता, दोघांना उपचार लागला. पैलवान त्या दोघांतला. छोटू गेलाच नाही. तो सगळ्यात लहान, १९ चा, आणि तो अजून घेत होता.

९ जूनला माझ्या गोळ्या सुरू झाल्या. सोफोसबुवीर ४०० मिलीग्राम आणि डॅक्लाटासवीर ६० मिलीग्राम, रोज एकदा, १२ आठवडे. आधी कुठली औषधं चालू आहेत ते सगळं विचारतात, टीबीची किंवा फिटची औषधं असतील तर नक्की सांगा, त्यातली काही या गोळ्यांबरोबर चालत नाहीत. कोणी लिव्हरचा काढा सुचवला तर आधी डॉक्टरांना दाखवा. २८ दिवसांच्या गोळ्या एका वेळी देतात, मग ७ जुलै, ४ ऑगस्ट अशा खेपा. मी रात्री नऊचा गजर लावला होता, आईने कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. पहिला आठवडा डोकं दुखलं, जरा मळमळलं, बाकी काही नाही. मी काहीतरी भयंकर होईल म्हणून तयार होतो, तसं काही झालंच नाही.

त्रास झाला तो इंजेक्शन सोडण्याचा. ताईंनी मानसोपचार ओपीडीत पाठवलं होतं. तिथे बाकावर एक मुलगा भेटला, ब्राउन शुगर म्हणजे हेरॉईन टोचणारा, त्याला जिभेखाली ठेवायची ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी मिळायची, त्याने त्याची तलफ धरून ठेवली होती आणि तो कामावर जायला लागला होता. मला वाटलं मलाही तशी काही गोळी देतील. डॉक्टर म्हणाले, ती अफूच्या जातीच्या नशेसाठी आहे, तुमच्या इंजेक्शनला बदली गोळी नाही. झोप, जेवण, गप्पा, दर आठवड्याला येणं, आणि उदास वाटणं फार वाढलं तर त्याची औषधं. मी पहिले दोन आठवडे दिवसाला चौदा-चौदा तास झोपायचो. मैदानाच्या रस्त्याने गेलं की हात घामाने भिजायचे, म्हणून मी कामाला जायचा रस्ताच बदलला.

तरी १९ जुलैला मी घेतलं. एकदाच, पण घेतलं. कोरी सुई, वेगळी बाटली, उरलेलं फेकून दिलं. रात्रभर छाती धडधडत होती आणि मला एकच भीती, आता गोळ्या बंद करतील, आपली उपचाराची लायकी संपली. सोमवारी जाऊन सांगून टाकलं. डॉक्टरांनी बीपी बघितलं, ईसीजी काढला, आणि म्हणाले गोळ्या एक दिवस पण चुकवायच्या नाहीत. इंजेक्शन चालू असलेल्या माणसालाही हा उपचार द्यायचाच असतो, तो बरा झाला तर त्याच्याकडून पुढे जाणारी लागणही थांबते. ताईंनी फक्त विचारलं, सुई कुठे टाकली? मी डबा दाखवला. एचआयव्हीची पुढची तपासणी मग ऑक्टोबरच्या शेवटी ढकलली, ती निगेटिव्ह आली.

३१ ऑगस्टला शेवटची गोळी. त्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या आल्या, घर पाहुण्यांनी भरलेलं, आईने गडबडीत मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला, काही बोलली नाही, कॅलेंडरवर खूण केली आणि सोळा भाज्यांच्या तयारीला लागली.

पण तिथे संपत नाही. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवडे थांबून परत व्हायरल लोड करायचा, तो नाही सापडला तर बरा झाला असं धरतात. बरेच जण गोळ्या संपल्या की जातच नाहीत, असं ताई म्हणाल्या. जा. मी २४ नोव्हेंबरला रक्त दिलं, ९ डिसेंबरला रिपोर्ट आणायला गेलो. अधिवेशनाचा बंदोबस्त होता, चौकाचौकात माझ्या वयाचे पोलीस उभे, मी सिग्नलला थांबून त्यांच्याकडे बघत होतो. रिपोर्टवर लिहिलं होतं, विषाणू आढळला नाही. मी तो दोनदा ताईंकडून वाचून घेतला. पैलवानचाही तसाच आला, आठ दिवसांनी. त्याने मला फोन केला आणि नुसता श्वास घेत राहिला.

हा रिपोर्ट जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, कारण अँटिबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्ह येऊ शकते. उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन करायची वेळ आली आणि कोणी साधी तपासणी केली तर परत पॉझिटिव्ह दिसेल आणि परत सगळे घाबरतील. बरा झालो म्हणजे कवच मिळालं असंही नाही, परत एक बाटली वाटून घेतली तर परत होऊ शकतो. आणि रक्तदान मला आता कधीच करता येणार नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

एकूण खर्च विचाराल तर केसपेपर, झेरॉक्स, पेट्रोल आणि ती बाहेरची सोनोग्राफी मिळून अडीच हजारांच्या आत, शिवाय ११ दिवसांची बुडालेली रोजी, ५०० च्या हिशोबाने. कोणाला विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा एचआयव्हीचा मोफत नंबर आहे, नशामुक्तीसाठी १४४४६, आणि मन फारच खाली गेलं तर टेलिमानसचा १४४१६. मी १०९७ ला दोनदा लावला होता, नाव न सांगता.

छोटूला मी जूनपासून म्हणून राहिलो होतो. तपासणीला चल म्हटलं की तो विषय बदलायचा. मग मी म्हणणं सोडलं आणि दर शनिवारी त्याला भेटायला लागलो, जाताना कोऱ्या सिरिंजचं पाकीट आणि एक रिकामा डबा न्यायचो, एकट्याची बाटली एकट्याने, वापरलेली सुई आत नाही, एवढं एकदा सांगितलं होतं, परत परत नाही. सप्टेंबरमध्ये त्याच्या दंडावर गळू झालं, तेव्हा त्याने पहिल्यांदा स्वतःहून फोन केला, आम्ही जाऊन ते कापून घेतलं. डबा तो आता भरून परत देतो. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "केसपेपर किती वाजता निघते बे?"

मी लिहिलं, साडेआठ. आधारच्या दोन झेरॉक्स आण, वीस सुटे आण, सक्करदरा चौकात आठला उभा राहतो.